सुकडीचा उपास

यंदाही श्रावण कोरडाच लागला आहे. येडशीच्या डोंगरावर दुपारी ढग येतात, घटकाभर टेकतात आणि काही न बोलता उठून जातात. धाराशिवच्या आमच्या कॉलनीत टँकर सुरू झालाय. टँकरची शिट्टी वाजली की चांगल्या शिकल्यासवरल्या बाया एकमेकींच्या घागरी पायाने सरकवतात. आणि अशाच एका सकाळी सूनबाई स्वयंपाकघरातून विचारते, "आई, ब्रेकफास्टला तुमच्यापुरता उपमा टाकू ना? आमचं दोघांचं फास्टिंग आहे."

फास्टिंग म्हणजे तिचं नि माझ्या मुलाचं. कुठल्या देवाचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेलंही नाही, मोबाइलने सांगितलेलं. घड्याळ लावून उपाशी राहायचं आणि घड्याळ लावूनच खायचं. पोटं सुटलीत, ती आत जावीत म्हणून. मी "काहीही कर" एवढंच म्हणते. आवाज चढतो. सूनबाईला वाटतं, म्हातारी आपल्यावर उखडली. पोर मनाची चांगली आहे, माझ्या रागाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. पण हा फास्ट शब्द श्रावणात, त्यातून असल्या कोरड्या श्रावणात कानावर पडला की माझं डोकं फिरतं. जन्मभर इंग्रजी शिकवलं, रिटायर झाले, नातवंडं झाली, तरी फिरतंच.

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी इंग्रजी शिकवत असे. दोन शब्द जोडून तयार झालेल्या शब्दांचा धडा दरवर्षी यायचा. ब्लॅकबोर्ड, सनफ्लॉवर, रेनबो. पोरं भराभर फोड करायची. काळा अधिक फळा, सूर्य अधिक फूल. ब्रेकफास्टपाशी मात्र गाडी अडायची. "बाई, मोडणे अधिक जलद, मिळून नाष्टा कसा काय?" सगळा वर्ग हसायचा. मी सांगायची, बाळांनो, इथला फास्ट म्हणजे जलद नव्हे, उपास. रात्रभर घडलेला उपास सकाळी मोडायचा, सोडायचा, म्हणून ब्रेकफास्ट. पोरं वहीत लिहून घ्यायची आणि पुढच्या शब्दाकडे वळायची. मला वळता यायचं नाही. समोरच्या बाकांवर काही चेहरे असे असायचे, की त्यांच्या घरी सकाळी चूल पेटलेली नाही हे त्यांच्या डोळ्यांकडे बघूनच कळायचं. ती पोरंही लिहून घ्यायची.

ही फोड मला स्वतःला कळली तीही एका चीड आणणाऱ्या सकाळी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागात नवाच सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता आणि त्याच्या हॉलमध्ये आम्हां शिक्षकांचं शिबिर भरलं होतं. भिंतींना अजून रंगाचा वास होता, व्यासपीठामागे चेअरमनसाहेबांचा मोठा फोटो. बाहेर पोह्यांच्या पराती, शिरा, केळी. पुण्याहून आलेले तज्ज्ञ खुशीत होते. ते म्हणाले, "बघा, किती सुंदर शब्द आहे! आपल्या सगळ्यांना रात्रभर नकळत उपास घडतो. तो आता आपण बाहेर जाऊन मोडूया." सगळे हसले. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, रात्री जेवायलाच मिळालं नसेल तर? मग सकाळी काय मोडायचं?"

तज्ज्ञांना वाटलं, बाई विनोद करतात. ते आणखी हसले. माझ्या शेजारी उर्दू शाळेतले शेख गुरुजी बसले होते. ते हसले नाहीत. परातीपाशी रांगेत उभे असताना ते हळूच मला म्हणाले, "बाई, आपला नाश्ता शब्द आहे ना, फारसीतला, त्याचाही मूळचा अर्थ हाच. ज्यानं सकाळपासून काही खाल्लं नाही, तो नाश्ता. म्हणजे उपाशी माणूस. पुढं ते नाव खाण्याला लागलं, उपाशी माणूस मागं राहिला." गुरुजींनी हे शांतपणे सांगितलं आणि पोहे घेतले. मला पोहे गेले नाहीत.

पुढे शब्दकोशात बघितलं तर डिनर हा शब्दही तिथूनच आलेला. लॅटिनमधल्या उपास सोडण्याच्या शब्दाची फ्रेंचांकडून घासूनपुसून आलेली नक्कल. म्हणजे त्या लोकांनी दिवसातून दोनदा उपास सोडायची सोय लावून ठेवली. धरायचा कधी, ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. तसंच असतं. शब्द बनवणाऱ्याचं पोट भरलेलं असतं. त्याला उपास म्हटलं की झोपेतला उपास आठवतो.

मला आठवतो तो बहात्तरचा श्रावण.

त्या श्रावणात हिरवं असं काही नव्हतं. बाभळीचा पाला शेळ्यांनी आणि माणसांनी मिळून ओरबाडला होता. पेरलेलं उगवलं नव्हतं, उगवलेलं जळालं होतं, आणि विहिरींच्या तळाशी कासवाच्या पाठीसारख्या भेगा दिसायच्या. मी मॅट्रिकला बसणार होते, ते राहून गेलं. वडील बार्शीला गिरणीवर हमाली मिळते का बघायला गेले होते. घरी आई, मी आणि आजा. आम्ही दोघी डोंगराच्या पायथ्याला पाझर तलावाच्या कामावर जायचो. मातीच्या पाट्या उचलायच्या, बांधावर नेऊन टाकायच्या, परत यायचं. मजुरी हप्त्याने मिळे आणि हप्ता आपल्या मर्जीने येई. गावच्या सोसायटीत मिलो, म्हणजे ती परदेशातली लाल ज्वारी, आली तर आली. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात रुतायची. तीही अर्धीअर्धीच वाट्याला येई.

पहाटे गुळाचा कोरा चहा पिऊन निघायचं. मग दिवस माथ्यावर आला की सुकडीची गाडी यायची. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठात गूळ आणि तेल घालून केलेला भुगा, सरकारकडून कामावरच्या मजुरांना मिळणारा. त्याचा खमंग वास गाडीच्या आधी बांधावर पोचायचा. सगळ्या माना तिकडे वळायच्या. तोच आमचा दिवसाचा पहिला घास. त्याला ब्रेकफास्ट म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुण्याच्या तज्ज्ञांनाही ते कधी कळलं नाही.

वाटप मुकादम करायचा. कपाळाला भस्म, गळ्यात रुद्राक्ष, श्रावणातल्या सोमवारी कडक उपास, संध्याकाळी सायकल मारत रामलिंगाच्या देवळात दर्शन. कामावरच एका लिंबाखाली त्याने गोल दगड मांडून महादेव केला होता. बाकीच्या बायांच्या हातावर तो सुकडी ठेवायचा. आमच्या बौद्ध बायांची रांग शेवटी, आणि आमच्या ओंजळीत तो वरून टाकायचा. बोटाला बोट लागू नये एवढ्या उंचीवरून. भुगाच तो, वाऱ्यावर थोडा उडून जायचा. उडालेल्या सुकडीकडे बघताना जो राग यायचा तो मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्याला वय झालेलं नाही.

आई निम्मी सुकडी खायची आणि निम्मी पदराच्या गाठीत बांधून आज्यासाठी घरी न्यायची. आज्याचे पाय गेले होते. माणूस अंथरुणाला नव्हता, पण उंबऱ्याच्या पुढे त्याला जाता येत नव्हतं. कामावर येणार नाही त्याला सुकडी नाही. सगळ्याच बाया अशा गाठी बांधायच्या. कुणाच्या घरी म्हातारी, कुणाची लहान पोरं. मग एक दिवस एक बाई बांधावर भोवळ येऊन पडली. जीपमधून साहेब आला, चौकशी केली, आणि नियम निघाला. सुकडी कामावरच खायची, मुकादमासमोर. खाऊन झाली की दोन्ही तळहात दाखवायचे, पदर झटकून दाखवायचा. बायांनी स्वतः खावं, पडू नये, असा साहेबाचा हेतू होता म्हणे. असेलही. पण घरी कुणी उपाशी असताना पोटभर खायची सक्ती करणं हे काय असतं, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं. बाया रडत रडत खायच्या. मी पाहिलंय.

या नियमातून वाट काढली सोजरबाईने. ही गावातल्या कुणब्याची सून, नाकीडोळी नीटस, जिभेने तिखट, घरी तीन लेकरं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिच्या हातावर सुकडी पडल्यावर ती म्हणाली, "मुकादम, मला आज सोमवार हाय."

मुकादमाचा हात थांबला. तो स्वतःच उपाशी होता. महादेवाचा उपास असलेल्या बाईला दिवसाढवळ्या खायला लावायचं पाप तो कसा करणार? म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे. घरी जाऊन दिवस मावळल्यावर सोड." सोजरबाईने सगळ्यांदेखत सुकडी पदरात बांधली.

दुसऱ्या दिवशी चार बायांना तुळजापूरच्या देवीचा मंगळवार होता. गुरुवार निघाला, शुक्रवार निघाला, शनिवार निघाला. महिन्याच्या दोन्ही एकादश्या निघाल्या. ज्यांनी जन्मात कधी उपास धरला नव्हता त्या बाया आठवड्यातले तीनतीन वार धरायला लागल्या. उपासमार झालेल्या बाया उपास धरत होत्या, घरी लेकरांनी खावं म्हणून! पाटी उचलताना त्यांच्या पायांना कंप सुटायचा आणि ओठावर महादेवाचं नाव असायचं. मुकादमाला हे कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. पण त्या त्याच्या गावकीतल्या, भावकीतल्या बाया होत्या, आणि देवाचं नाव घेतलं की नियमातून पळवाट मिळत होती. मला त्या बायांचं काही म्हणायचं नाही. मी त्यांच्या जागी असते तर सातही वार धरले असते.

पण आम्ही त्यांच्या जागी नव्हतो. आम्ही छप्पन सालानंतर दीक्षा घेतलेली माणसं. घरातले देव आज्याने स्वतः उचलून नदीत सोडले होते. बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ होत्या, आणि पाठ होत्या म्हणजे नुसत्या पाठ नव्हत्या. आम्हांला कुठला सोमवार आणि कुठला मंगळवार? नियम सगळ्यांना एकच होता, आणि त्यातून निसटायची वाट देवळातून जात होती. देऊळ आम्ही सोडलेलं. त्याआधी शेकडो वर्षं त्यांनीच आम्हांला आत घेतलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आज्याचा वाटा बंद झाला. दिवसभरात अर्धी भाकरी. तीही तो "मला भूक न्हाय" म्हणून आईकडे सरकवायचा, आई "म्या तिकडं सुकडी खाल्ली" म्हणून त्याच्याकडे सरकवायची. एकाच तुकड्याच्या या येरझाऱ्या बघून मला दोघांच्याही थोबाडीत मारावीशी वाटे. आज्याचा आवाज बारीक होत चालला. सकाळी आम्ही निघताना तो "या" म्हणायचा, ते नंतर ऐकू येईनासं झालं. आई बांधावर पाटी टाकून परत फिरताना गावाच्या दिशेला बघायची, तिकडून कुणी निरोप घेऊन येतंय का म्हणून.

सोजरबाई तिला एकदा म्हणाली, "गया, तू बी म्हण की सोमवार हाय म्हणून. कोण बगतंय? म्हातारा जाईल अशानं." आई पाटी उचलून बांधाकडे निघाली. पण पुढच्या सोमवारी ओंजळ पुढे करून ती म्हणाली, "मला बी सोमवार हाय."

मुकादम हसला. त्या हसण्याला काय म्हणावं, मला अजून शब्द मिळालेला नाही, आणि दोन भाषांचे शब्द मी आयुष्यभर चाळलेत. "तुला? तुमी तर देव सोडले की गं! आता सुकडीपायी परत आला व्हय?" मग म्हणाला, "खरंच धरला असंल तर जा, लिंबाखाली जाऊन हात जोड. लांबूनच जोड. समद्यांना दिसू दे."

आई गेली. बांधावरचं काम थांबलं होतं, सगळे बघत होते. तिने त्या दगडापुढे लांबून हात जोडले, परत आली आणि सुकडी पदरात बांधून घेतली.

घरी आईने सुकडी ताटलीत काढून आज्यापुढे ठेवली. ती सासऱ्याला, आमच्याकडच्या रीतीने, मामा म्हणायची. आज्याने वास घेतला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. मग त्याने विचारलं, "आज आणू दिली व्हय? कशी काय?"

आई खोटं बोलली असती तर सगळं निभावलं असतं. पण ती म्हणाली, "सोमवार हाय म्हणलं. दगडापुढं हात जोडायला लावले. जोडले."

आज्याने ताटली हळूच बाजूला सरकवली. एक कण सांडू न देता सरकवली. "म्या न्हाय खाणार."

"खा, मामा. हात माझे व्हते, तुमचे न्हवते."

"माझ्या पोटासाठीच जोडलेस नव्हं? मग माझेच झाले ते. अगं, त्याच देवाच्या पायरीला हात लागला म्हणून माझ्या बापाला खांबाला बांधून मारलं व्हतं. त्याच्या नावानं आलेलं माझ्या गळ्याखाली उतरंल व्हय?"

आणि आई भडकली. सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी आई, तिचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही कधी ऐकला नाही. "परतिज्ञा तुमी घ्यायची आन पाटी म्या उचलायची! समद्यांम्होरं मान माझी खाली गेली. तुमी हितं बसून शुद्ध ऱ्हावा. उद्या तुमी मेलात तर तुमच्या लेकाला काय सांगू म्या? महादेवाची सुकडी व्हती म्हणून बापाला उपाशी मारला म्हणून सांगू?"

सुकडी तशीच राहिली. सकाळी आईने ती शेजारच्या लेकरांना दिली. त्यांनी कोणत्या देवाची ते विचारलं नाही, पटापट खाल्ली.

मला त्या संध्याकाळी आज्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही, हे मी उघड सांगते. आमच्या सभांमध्ये मी ही हकिकत सांगितली की लोक म्हणतात, काय बाणेदार माणूस! हो, होता बाणेदार. पण त्याच्या बाण्याचं ओझं दुसऱ्या दिवशी उन्हात कुणाच्या डोक्यावर होतं, ते मी बघत होते. आणि तरी त्याने ती सुकडी खाल्ली असती, तर मला त्याचा आणखी राग आला असता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुकादमाने आमच्या घरात भांडण लावलं होतं, एका मूठभर सुकडीवर, आणि तो रामलिंगाला जाऊन शांत झोपला असणार.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. निम्म्या बायांना देवीचा उपास. आमची रांग आली. आईने ओंजळ पुढे केलीच नाही.

"मला सोमवार न्हवता आन मंगळवार बी न्हाय," ती म्हणाली. "काल खोटं बोलले. घरी म्हातारा उपाशी हाय. त्याच्यासाठी घरी न्हेऊ द्या, न्हायतर म्या हितं खाणार न्हाय."

"नियम हाय."

"ह्या बायांना न्हाय का नियम?"

"त्यांना उपास हाय."

"मला बी उपासच हाय. त्याला देवाचं नाव न्हाय, एवढंच."

मुकादम म्हणाला, "देव सोडला त्यानं उपास कशाला धरायचा?" आणि तिचा वाटा पुन्हा डब्यात टाकला. माझा वाटा आईने मला खायला लावला. "तू खायाचं. दोघी पडलो तर घर कोण बगंल?" मी खाल्ला. तिच्यासमोर उभी राहून खाल्ला.

तेव्हापासून आई रोज कामावर यायची, रोज पाटी उचलायची आणि रोज सुकडी नाकारायची. मी रोज बजावायचे, आई, खा. ती म्हणायची, "गप." घरी आल्यावर अर्ध्या भाकरीची येरझार चालूच होती. आजा तिच्याशी बोलत नव्हता, पण ती यायच्या वेळी उंबऱ्यापर्यंत सरकत येऊन बसलेला असायचा. या दोघांतलं आधी कोण जाणार, एवढंच उरलं होतं, आणि ते मला रोज बांधावर चढताना स्पष्ट दिसत होतं.

ज्या दिवशी साहेबाची जीप यायची होती त्या दिवशी आई पडली. पाटी डोक्यावर असताना गुडघ्यांत मोडली आणि बांधाच्या उतारावर आडवी झाली. माती तिच्या अंगावर. मुकादम धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक. पडणाऱ्या बाया हाच तर साहेबाचा राग होता. त्याने डब्यातून मूठभर सुकडी आणली आणि आईच्या शेजारी बसून तिच्या तोंडात घालायला लागला. "खा गं! खा की!" एरवी हातभर उंचीवरून टाकणारा हा माणूस आता तिच्या ओठांवर बोटं दाबत होता. सुकडी तिच्या गालावर, हनुवटीवर, मातीत. आईचे डोळे उघडे होते. तिने दात आवळून धरले होते. जबड्याचं हाड वर आलेलं मला दिसत होतं.

"पोरी, उघड तिचं तोंड!" तो माझ्यावर ओरडला.

मी त्याचं मनगट धरलं. कसं धरलं, मला माहीत नाही. रुद्राक्ष घातलेल्या त्या माणसाचा हात मी माझ्या हातात घट्ट धरला आणि म्हणाले, "तिला सुकडी घरी न्यायचीय. न्हेऊ द्या म्हणा." तो हिसडा मारत होता, मी सोडला नाही.

शब्दकोशात डिनर शोधताना मी फास्टपाशीही थांबले होते. उपास हा त्या शब्दाचा अर्थ नंतरचा. आधीचा अर्थ घट्ट धरणे. ढिलं न सोडणे. दोर बांधतात तसं, दार लावून घेतात तसं. त्यावरून स्वतःला धरून ठेवणे, आणि त्यावरून उपास. मी शाळेच्या लायब्ररीत बसले होते, बाहेर मुलं दंगा करत होती, आणि मला आईचा जबडा दिसला. इंग्रजांच्या ज्या कुठल्या पूर्वजाने तो शब्द केला असेल, त्याने कधीतरी असं कुणाला पाहिलं असलं पाहिजे. रात्रभर झोपलेल्या माणसाला बघून असा शब्द सुचत नाही. मी पुस्तक आपटून बंद केलं होतं. आमचे लायब्ररियन दचकले होते.

तर, बांधावर. सोजरबाई पुढे आली. मंगळवारपासून ती आईशी नजर मिळवत नव्हती. तिने पदराची गाठ सोडली आणि मुकादमासमोर धरली. "मुकादम, मला बी उपास न्हाय. कधीच न्हवता. आमच्या घरात सोमवार कुणी धरत न्हाय. लेकरं उपाशी हायत म्हणून खोटं बोलत व्हते. आता येऊ द्या सायबाला, त्याच्याम्होरं बी हेच सांगते." आणखी दोघीतिघी पुढे आल्या. बाकीच्या गाठी मुठीत धरून मागे उभ्या राहिल्या. खरं बोलल्या असत्या तर त्यांच्या लेकरांची सुकडी जात होती. त्यांना मी नावं ठेवत नाही.

गावाच्या बाजूला जीपची धूळ दिसायला लागली होती. मुकादमाने एकदा धुळीकडे बघितलं, एकदा माझ्या हाताकडे. "न्या," तो म्हणाला. "समद्या न्या. निम्मी हितं खावा, निम्मी घरी न्या. पर हिला आधी उठवा." दयेने नाही म्हणाला. लाज वाटून नाही. जीपला घाबरून म्हणाला. मोठमोठे नियम असेच बदलतात, कुणीतरी मातीत आडवं झाल्यावर, वरच्याची धूळ दिसल्यावर. आणि मग लोक म्हणतात, बघा, शेवटी माणुसकी जिंकली! मला असं बोलणाऱ्यांचा संताप येतो. माझी आई त्याआधी पडायला का लागली, ते सांगा.

सूनबाईने उपमा आणून ठेवलाय. वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. "गरम आहे तोवर खा, आई," म्हणते. तिच्या मोबाइलची घंटा वाजली की ती आणि माझा मुलगाही खातील. खाऊ दे. मी चमचा हातात घेते आणि थांबते, दरवेळी थांबते.

त्या दिवशी आईने बांधावर निम्मी सुकडी खाल्लीच नाही. चूळ भरून ती पाणी प्यायली आणि सगळाच्या सगळा वाटा तिने पदरात बांधून घरी आणला. मी तिला धरून चालवत आणली. आजा उंबऱ्याशी बसला होता. तिच्या केसांतली माती त्याने पाहिली. आईने ताटली काढली, सुकडी ओतली आणि त्याच्यापुढे ठेवली. बरेच दिवस त्यांचं बोलणं नव्हतं.

"आज कुणाच्या नावानं आणलीस?" आज्याने विचारलं.

"माझ्या."

आज्याने चिमूटभर सुकडी उचलली आणि तिच्या तोंडाशी नेली.

"मग आधी तू खा."

आईने तोंड उघडलं.